बडोद्यात युनिव्हर्सिटीजवळचे गायब झालेले बार (जे कधी नव्हतेच)

वाडीकर_सध्या_कोथरूड

मंडळी, एक किस्सा आणि मग प्रश्न.

आमच्या ऑफिसात शुक्रवारी डबे संपल्यावर विषय निघाला, कॉलेजजवळचा बंद पडलेला अड्डा. सगळे एकदम हळवे. एकजण मुंबईचा, तो लोअर परळला मथुरादास मिलमधल्या ब्ल्यू फ्रॉगबद्दल बोलायला लागला. स्टेज किती जवळ होतं, ड्रमचा आवाज छातीत कसा बसायचा, २०१६ ला बंद झालं तेव्हा कसं वाटलं. दुसरा बंगलोरचा, त्याचे तर पब मोजतानाच डोळे भरले. मग सगळे माझ्याकडे वळले, तुमच्या कॉलेजजवळ काय होतं? मी म्हटलं लारी, म्हणजे हातगाडी. कसली लारी? चहाची. जे हसलेत ने सगळे, अजून हसतायत. एकाने सहानुभूतीने पाठीवर हातसुद्धा ठेवला, जसं काही मी दुष्काळात वाढलोय.

तर प्रश्न एक. एम.एस.ला (बडोद्याच्या महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीत) शिकलेल्यांनी सांगा, आपण बसायचो कुठे आणि गाणंबजावणं समोर बसून ऐकायचो कुठे? कारण ऐकलंय तर भरपूर.

प्रश्न दोन, आणि खरं तर याच्यासाठीच धागा काढलाय. फतेगंजात चर्चच्या मागच्या गल्लीत एक घर होतं, पुढे ओटला, त्यावर दोन बाकडी. एक म्हाताऱ्या बाई ऑम्लेट-पाव आणि कॉफी द्यायच्या. शनिवारी रात्री एक मुलगा गिटार घेऊन बसायचा. आमच्यातल्याच कोणीतरी स्पीकर आणून दिला होता. दहा वाजले की बाई आत जाऊन मेन स्विच पाडायच्या, गाणं कुठेही असो. मी टेक्नॉलॉजीला, १९८९ ते ९३. त्या जागेचं नाव काय होतं? तीस वर्षं आठवतोय, येत नाहीये.

विश्वामित्रीची_मगर

बडोद्यात बार नव्हता कोण म्हणतो? दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिरात जा. सिंगल बार, डबल बार, दोन्ही. वर मलखांब फ्री. सकाळी पाचला उघडतो आणि तिथून बाहेर पडणारा प्रत्येकजण झोकांड्या खात घरी जातो.

अडधी_चा

मगर, दंडवत _/\_

दांडियाबाजार_०१

मगरीचं बरोबर आहे, माझ्या काकांनी त्या डबल बारवर खांदा निखळवून घेतलाय आणि ते पुढची चाळीस वर्षं सांगत फिरले की मी बारमध्ये पडलो होतो.

वाडीकर, तुमची फतेगंजची जागा मला आठवते पण ती चर्चच्या मागे नाही, सदर बाजारच्या बाजूला. आणि कॉफी नाही हो, चहा. भुर्जी होती, ऑम्लेट नाही.

वाडीकर_सध्या_कोथरूड

कॉफीच होती. स्टीलच्या पेल्यात. ओठ भाजायचे.

अण्णा_बडोदेकर

तुम्ही मुलं मजा करताय ती करा, पण एक दुरुस्ती. गुजरात वेगळं झालं आणि मग दारूबंदी आली असं सगळे धरून चालतात. तसं नाही. बडोदा संस्थान १ मे १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं आणि मुंबईचा दारूबंदी कायदा त्याच वर्षीचा. आमची युनिव्हर्सिटीसुद्धा १९४९ चीच. म्हणजे विद्यापीठ आणि बंदी ही जुळी भावंडं. पुढे १९६० ला दोन राज्यं झाली, महाराष्ट्राने कायदा हळूहळू सैल केला, गुजरातने घट्ट धरला. तेव्हा कॉलेजजवळचा बार गायब झाला वगैरे म्हणायला तो उगवायला तरी हवा होता.

आणि गंमत अशी की याच गावात १९०७ साली औषधांची कंपनी अ‍ॅलेम्बिक निघाली. गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन या तिघांनी काढली. कोटीभास्कर आपलेच. सुरुवातीला बनवायचे काय, तर टिंक्चर आणि अल्कोहोल. अ‍ॅलेम्बिक या शब्दाचा अर्थच मुळी अर्क काढायचं भांडं.

अडधी_चा

म्हणजे भट्टी गावात आणि गाव कोरडं. अण्णा, हे मला शाळेत का नाही शिकवलं!

विश्वामित्रीची_मगर

विश्वामित्री नदीत मी मगर आहे, म्हणून पाण्याचा तुटवडा नाही. बाकी ज्याचं त्याने बघावं.

रंगपेटी

वाचतेय. आता राहवत नाही म्हणून लिहिते.

मी फाइन आर्ट्सची, पेंटिंग. आम्हाला क्लबची कमतरता कधी वाटलीच नाही कारण आमची फॅकल्टीच क्लब होती. दिवसा कॅन्टीनच्या पायऱ्या. एक कप चहा घ्यायचा आणि दोन तास बसायचं, समोर शिल्पकलेच्या अंगणात कोणीतरी दगड ठोकतोय, त्याची लय चालू, इकडे कोणीतरी बंगाली मुलगा त्याच लयीत काहीतरी गातोय. त्याला लाइव्ह म्युझिक म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. ठोकणाऱ्याला कळायचं सुद्धा नाही की तो ठेका धरतोय.

आणि नवरात्रातला गरबा. ज्यांनी फाइन आर्ट्सचा गरबा पाहिला नाही त्यांना समजावणं अवघड आहे. बाहेर मोठ्या मैदानांवर हजारो लोक, मोठमोठे स्पीकर, खेळणाऱ्याला गाणारा दिसतसुद्धा नाही. आमच्याकडे गाणारे मधे बसायचे आणि ते आपलेच लोक असायचे, कोण सीनियर, कोण पास होऊन नोकरीला लागलेला खास नऊ दिवस रजा टाकून आलेला. ढोलवाल्याचा घाम अंगावर उडेल इतकं जवळ. जुने गरबे, ज्यांत नवीन चाल घुसवली की म्हातारे सीनियर डोळे वटारायचे. पास मिळवायला गावातले ओळखीपाळखीचे सगळे आमच्या मागे, सप्टेंबर लागला की मला अचानक मावसभाऊ फुटायचे. मी मुंबईत नंतर पुष्कळ ठिकाणी तिकीट काढून गाणं ऐकलं, चांगलं होतं, पण तिथे मी गिऱ्हाईक होते. इथे चौथ्या दिवशी गाणाऱ्याचा घसा बसला तर मीच आत जाऊन आल्याचं पाणी उकळून आणत होते.

त्या लोअर परळवाल्याला सांगा छातीत ड्रम बसतो म्हणे, आमच्या तर टाचेत बसायचा. पंधरा दिवस उतरायचा नाही.

पुणेरी_पाहुणा

पण गरबा आणि क्लब ही तुलना पटत नाही. गरबा नऊ दिवस, क्लब वर्षभर. शिवाय गरबा हा धार्मिक.

रंगपेटी

पाहुणे, तुम्ही आमच्या फॅकल्टीत एक वर्ष काढलं असतं तर धार्मिक हा शब्द वापरला नसता. हलके घ्या.

गायनशाळा

पाहुण्यांचा मुद्दा मात्र घेतो, वर्षभराचा. वर्षभर ऐकायचं असेल तर सुरसागर तलावाचा काठ. १८८६ ला मौलाबक्षांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायनशाळा सुरू केली, तीच आता परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी. मी तिथे तबला केला. पण खरं क्लासमध्ये कमी आणि बाहेर कट्ट्यावर जास्त शिकलो. संध्याकाळी एका खिडकीतून सतार, दुसरीतून तराणा, तिसरीतून कोणीतरी नवशिका सा लावतोय आणि तो लागत नाहीये, आणि बाहेर भेळवाला त्याच्या झाऱ्याने बराबर समेवर ठोकतोय. खोटं नाही सांगत, तो भेळवाला पंधरा वर्षं तिथे होता, त्याला आमच्यातल्या अर्ध्या लोकांपेक्षा सम जास्त कळायची. मुलगा चुकला की झारा थांबायचा. त्याहून मोठा अपमान नाही.

फैयाज खाँसाहेब याच गावचे दरबारगवई, १९५० ला इथेच गेले. भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ ला भरवली ती बडोद्यात. तेव्हा बंगलोरवाल्याला सांगा, डोळे पूस.

दांडियाबाजार_०१

गायनशाळा, तो भेळवाला मला पण आठवतोय!! त्याची पातळ हिरवी चटणी. आता तिथे सगळं सुशोभीकरण आणि उंच महादेव, बसायला जागा चांगली झालीय पण खिडक्यांतून काही ऐकू येत नाही, ट्रॅफिकच एवढा.

शेवंता

मी जरा पाणी ओतणार आहे, आधीच माफी.

तुम्ही सगळे जे रात्रीचं सांगताय त्यातलं मी काहीच पाहिलं नाही. त्याच गावात, त्याच वर्षांत. मी अमरावतीहून होम सायन्सला आलेली, प्रतापगंजात पेइंग गेस्ट. आमच्या घरमालकीणबाई आठ वाजता कडी लावायच्या. आठ पाच झाले तर खालून हाक मारायची आणि मग त्या खिडकीतून आधी दोन मिनिटं नुसतं बघायच्या. वाडीकरांच्या ओटल्यावर शनिवारी रात्री किती मुली असायच्या? खरं सांगा.

बार नव्हते म्हणून बडोदा सेफ होतं, मुली रात्री एकट्या गरब्याहून परत यायच्या वगैरे मी पण लोकांना सांगते, आणि ते खरंही आहे, नऊ रात्री मी पण दोन वाजता स्कूटीवर आलेय आणि काही वाटलं नाही. पण उरलेल्या साडेतीनशे रात्री कडीच होती.

वाडीकर_सध्या_कोथरूड

शेवंताताई, आठवून बघितलं. एकही नाही. कधी एक-दोन फाइन आर्ट्सच्या यायच्या, पण साडेसातला निघून जायच्या. तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलंच नव्हतं, हे आज लिहिताना जरा लाज वाटतेय.

रंगपेटी

साडेसातला निघणारी मी असू शकते. कारण ऑम्लेट मला आठवतंय. आणि दांडियाबाजार_०१, ऑम्लेटच होतं, भुर्जी नाही, त्यात कोथिंबीर इतकी की हिरवं दिसायचं. गिटार मात्र मी कधी ऐकली नाही, ती माझ्या जाण्यानंतर सुरू होत असणार.

शेवंता, तुझं बरोबर आहे.

पुणेरी_पाहुणा

एक प्रामाणिक शंका. खरंच कोणी पीत नव्हतं का? का हे सगळं इथे लिहिण्यापुरतं?

अडधी_चा

पाहुणे, तुमचा प्रश्न पोलीस ठाण्याच्या आवारात उभं राहून विचारल्यासारखा आहे.

विश्वामित्रीची_मगर

थर्टी फर्स्टला अर्धं हॉस्टेल "मामाकडे" जायचं. मामा दमणला राहायचा. सगळ्यांचा एकच मामा.

दांडियाबाजार_०१

आणि परमिटवाले काका विसरलात का? आमच्या वाड्यात एक होते, औषध म्हणून दारूचं परमिट, तब्येत अशी ठणठणीत की गणपती विसर्जनाला एकटे पाट उचलायचे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडे चौकशीला लोकांची रांग, काका तब्येत कशी आहे, काका काही आणायचंय का.

अण्णा_बडोदेकर

हसा, पण एक लक्षात ठेवा. परमिट, दमण, माउंट अबू हे खिशात पैसे असलेल्यांचं. ज्याच्याकडे नव्हते तो पोटली, म्हणजे पिशवीतली हातभट्टी घ्यायचा. २००९ ला अहमदाबादला लठ्ठाकांड झालं, विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. २०२२ ला बोटादकडे पुन्हा तेच. आमच्या प्रेसमध्ये एक कंपोझिटर होता, हाताला अक्षर असं की बघत राहावं. एका सोमवारी आला नाही. त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही. पण "कोरड्या गावाची गंमत" वाचली की मला तो रिकामा स्टूल दिसतो.

अडधी_चा

अण्णा, सॉरी.

अण्णा_बडोदेकर

सॉरी कशाला. चालू द्या. मला तो ऑम्लेटचा निकाल लागलेला बघायचाय.

सेवउसळ_फॅन

अवांतर होतंय पण बसायचो कुठे या प्रश्नाचं उत्तर एकच, महाकाळीची सेवउसळ. बसायला जागा नव्हती ती गोष्ट वेगळी.

पुणेरी_पाहुणा

म्हणजे मिसळच ना ती?

सेवउसळ_फॅन

नाही.

दांडियाबाजार_०१

नाही हो!! झालं, आता हा धागा शंभरी गाठणार. मिसळीत मटकी, सेवउसळीत पांढरा वाटाणा. मिसळीवर फरसाण, इथे सेव. तरी वेगळी आणून ठेवतात, जेवढी झेपेल तेवढी. ज्याला मिसळच हवी त्याने दांडिया बाजारात कॅनरा कॉफी हाऊसला जावं, तिथे पुणेरी मिसळ मिळते आणि आसपासच्या टेबलांवर मराठी इतकं ऐकू येतं की शनिपाराजवळ बसल्यासारखं वाटेल.

पुणेरी_पाहुणा

शनिपाराजवळ इतक्या वेळ बसू देत नाहीत.

गायनशाळा

हे पाहुणे चुकून खरं बोलले. माझ्या मते गायब झालंय ते हेच, बसू देणं. जागा अजून आहेत, उलट तिप्पट झाल्यात. फतेगंजात, अलकापुरीत आज जिकडे बघाल तिकडे कॅफे, शनिवारी गिटारवाला पण असतो, आणि चांगला वाजवतो, माझा एक विद्यार्थीच बसतो कहोनवर, म्हणजे त्या खोक्यासारख्या तालवाद्यावर. पण कॉफी अडीचशेची आणि संपली की दर दहा मिनिटांनी पोऱ्या येऊन "सर, और कुछ?" आम्ही एका अडधीवर, म्हणजे अर्ध्या कप चहावर पूर्ण विलंबित ख्याल ऐकलेला आहे.

शेवंता

पण त्या अडीचशेच्या कॅफेत माझी भाची रात्री अकरापर्यंत बसते. मैत्रिणींबरोबर. मला तरी ते आवडतं. लारीवर तिला कोणी तासभर सुखाने बसू दिलं असतं का?

गायनशाळा

हा विचार मी केला नव्हता. कबूल.

अण्णा_बडोदेकर

रात्रीच्या वेळेचंही बघा. २००० साली ध्वनी प्रदूषणाचे नियम आले, रात्री दहा ते सहा लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षात पंधरा दिवसांपर्यंत बारा वाजेपर्यंत सूट देऊ शकतं, त्यातलेच दिवस नवरात्राला जातात. आमच्या वाड्यात गणपतीत पहाटेपर्यंत गाणं चालायचं, भैरवी खरोखर भैरवीच्या वेळेला. आता साडेनऊला भैरवी उरकतात. कान शाबूत राहतात हे मान्य, माझ्यासारख्या म्हाताऱ्याला झोपही लागते.

अडधी_चा

आणि डिसेंबर २०२३ विसरू नका. त्याच महिन्यात गरबा युनेस्कोच्या यादीत गेला आणि त्याच महिन्यात गिफ्ट सिटीत (गांधीनगरजवळची आर्थिक व्यवसायांची वसाहत) दारूला सूट मिळाली. म्हणजे गांधीनगरला "वाइन अ‍ॅन्ड डाइन", बडोद्याला "ताली अ‍ॅन्ड रास".

विश्वामित्रीची_मगर

मला दोन्हीकडे बोलावलं नाही. २०२४ च्या पुरात मी स्वतःहून लोकांच्या घरी गेले तर तिथेही आरडाओरडा.

भोंगा

नमस्कार. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा लिहितोय, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

वाडीकर, तुम्ही लिहिलंत की स्पीकर तुमच्यातल्या कोणीतरी आणून दिला होता. माझ्या वडिलांचं रावपुऱ्यात लाउडस्पीकर आणि माइक भाड्याने द्यायचं दुकान होतं. लग्न, सत्यनारायण, निवडणूक, सगळं. शनिवारी दुपारी टेक्नॉलॉजीची दोन मुलं सायकलवर यायची आणि एक लहान स्पीकर, एक अ‍ॅम्प्लिफायर नेऊन रविवारी सकाळी परत करायची. नंतर नंतर ती उशिरा यायला लागली म्हणून मीच वडिलांच्या लॅम्ब्रेटावर आणायला जायचो. मी तेव्हा नववीत. त्यामुळे गिटार मी पण ऐकली नाही, रविवारी सकाळी रिकामा ओटला बघितलाय, बाकड्यांवर पाणी मारलेलं. बाई मला नेहमी एक पाव मस्का लावून द्यायच्या.

चर्चच्या मागेच होतं. आणि ऑम्लेटच. कारण स्पीकरच्या जाळीला हिरवी मिरची आणि कांद्याचा असा वास यायचा की दुसऱ्या दिवशी एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना भटजींनी विचारलं होतं, इथे नाश्ता कुठे आहे.

रंगपेटी

हाहाहा, डोळ्यातून पाणी. मंगलाष्टकांना ऑम्लेटचा वास!

दांडियाबाजार_०१

ऑम्लेट मान्य. मी हरलो. बहुतेक भुर्जी दुसरीकडची. चहाचं मात्र मी सोडणार नाही.

वाडीकर_सध्या_कोथरूड

भोंगा!!! हात थरथरतायत माझे. लॅम्ब्रेटावर येणारा बारका मुलगा, खाकी चड्डी? ते तुम्ही? आणि जागेचं नाव? दुकानाची वही वगैरे काही असेल?

भोंगा

चड्डी निळी. खाकी नाही.

वह्या आहेत, वडिलांनी एक पण फेकली नाही आणि मला पण फेकवत नाहीत. दुकान बंद करून बारा वर्षं झाली, तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. काल तुमचा धागा वाचून माळ्यावर चढलो. १९९१ ते ९३ च्या वह्यांत बऱ्याच शनिवारी नोंद आहे. बाबांच्या अक्षरात, गुजराती लिपीत, जागेच्या रकान्यात फक्त "फतेगंज, डोसीमा". बाकी काही नाही. म्हणजे म्हातारीआई. दुसरं नाव मला पण माहीत नाही, तिथे पाटी नव्हतीच.

एक आहे. शेवटच्या दोन शनिवारांपुढे बाबांनी "बाकी" लिहून गोल केलंय. रुपये चाळीस प्रमाणे ऐंशी.

वाडीकर_सध्या_कोथरूड

ते आम्हीच. शेवटच्या सेमिस्टरला पळालो. भोंगा, जीपे नंबर व्यनि (खाजगी निरोप) करा.

अडधी_चा

व्याज धरा भोंगाभाऊ, तीस वर्षांचं! चक्रवाढ!

अण्णा_बडोदेकर

आणि त्या बाई? त्यांचं पुढे काय झालं?

भोंगा

घर बंद दिसायला लागलं, मग मुलाकडे गेल्या एवढं बाबा बोलले होते. कुठे ते माहीत नाही. आता तिथे चार मजली आहे, खाली कॅफे. मागच्या महिन्यात मुलीबरोबर गेलो होतो. स्पीकर भिंतीत बसवलेले आहेत, भाड्याने आणावे लागत नाहीत.

शेवंता

दहा वाजता कोणी मेन स्विच पाडतं का?

भोंगा

नाही, बिल आणून ठेवतात.

वाडीकर_सध्या_कोथरूड

नंबर पाठवा हो. ऐंशी नाही, नीट हिशोब करून सांगा. आणि दिवाळीत बडोद्याला येतोय, वाडीतच असेन. ती वही बघायला मिळेल का?

भोंगा

या. शनिवारी या.

दांडियाबाजार_०१

मी पण येतो. त्या वहीत कुठे चहा लिहिलाय का बघायचंय.